प्रभूचें मेज आणि हातांतील मोबाइल

गेल्या दसऱ्यानंतर आमच्या मंडळींतील निम्म्याहून अधिक घरांस नित्याप्रमाणें कुलपें लागलीं. पाथर्डी, शेवगांव, जामखेड, आष्टी, पाटोदा या बाजूच्या खेड्यांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस याचें कारण सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें मुलांबाळांसह ट्रकांत बसून साखर कारखान्यांकडे निघतात, तीं बहुधा पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा व बायको मिळून एक कोयता धरला जातो. असे अकरा कोयते यंदा आमच्या मंडळींतून गेले. मागें उरले ते म्हातारे, आजारी, आणि शाळेसाठीं आजीपाशीं ठेवलेलीं मुलें. या पांच-सहा महिन्यांतच नाताळ येतो, नवें वर्ष येतें, आणि कित्येकदां पुनरुत्थानाचा सणही येतो. म्हणजे ज्या दिवशीं मंदिर भरून जावें त्याच दिवशीं सतरंज्या मोकळ्या पडतात.

आमच्या पूर्वीच्या पाळकांस या स्थितीवर उपाय नव्हता. आम्हांस तो सांपडला, असें आम्ही कांहीं वर्षें समजून चाललों होतों. २०१६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत जिओची स्वस्त सेवा सुरू झाली, तेव्हांपासून ऊसतोडीच्या कोपींतही एखादा तरी मोबाइल असतोच. येथें रविवारची उपासना चालली असतां एक तरुण बंधु मोबाइल खांबाला बांधून ती टिपून घेतो व व्हॉट्सॲपवरून तिकडे पाठवितो. तोडणीवाल्यांस रविवार नसतो. पहाटेच्या अंधारांत फडांत गेलेले आमचे लोक सायंकाळीं परततात, भाकरी होते, मग चुलीपुढें बसून ती उपासना लावतात व 'उपासना संगीत' उघडून आमच्याबरोबर, पण आमच्यामागून बारा तासांनीं, गातात. हें ऐकून कोणा पाळकाचें हृदय भरून येणार नाहीं?

नाताळापूर्वीं एका रात्रीं त्यांतील एका बंधूचा फोन आला. सलाम झाल्यावर तो म्हणाला, "पाळकसाहेब, भजन आणि उपदेश तर आम्हांला इथं मिळतोच. आतां या महिन्याचं प्रभुभोजनही मोबाइलवरूनच द्या. आम्ही इकडं भाकर आणि गुळाचं पाणी मांडून बसतों. तुम्ही तिकडून आशीर्वाद मागा." आम्ही गप्प राहिलों, तेव्हां त्यानें हळूच पुस्ती जोडली, "पांच महिने उपाशी राहतों आम्ही, साहेब." द्राक्षरस नाहीं म्हणून गुळाचें पाणी, हें ऐकून आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्यांच्या हातांनीं देशाची साखर तुटते, त्यांच्या कोपींत याहून योग्य पेय कोणतें असतें? परंतु आम्हीं त्या रात्रीं होय म्हटलें नाहीं आणि नाहींही म्हटलें नाहीं. विचार करून सांगतों, असें म्हणून फोन ठेवला. तो विचार आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, कारण असाच प्रश्न पुष्कळ खेड्यांतील मंडळींपुढें आला असेल, किंवा येईल.

नवें यंत्र दिसलें कीं त्यास सैतानाचें जाळें म्हणणारे सज्जन आमच्यांत आहेत. त्यांच्याशीं वाद घालण्याचें आम्हांस फारसें प्रयोजन दिसत नाहीं. मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं श्रीरामपुराहून मराठींत छापून निघालें, १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले व थोड्याच वर्षांत त्यांनीं छापखाना घातला, १८४२ सालीं अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघूं लागला. हें सर्व त्या काळचें नवें यंत्रच होतें. केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर तेथील स्त्रियांनीं स्वतः खिळे जुळवून छापलें, आणि तें संपूर्ण ग्रंथरूपानें १९२४ सालीं, म्हणजे बाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनीं, बाहेर आलें. खिळ्यांस कोणी अपवित्र म्हटलें असतें तर आज आमच्या हातीं काय असतें? पुढें रेडिओ आला. २ जानेवारी १९२१ रोजीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरांतून एका मंदिराची उपासना प्रथम रेडिओवर ऐकविण्यांत आली, व ६ जानेवारी १९२४ रोजीं लंडनच्या सेंट मार्टिन मंदिरांतून बी. बी. सी. नें तसेंच केलें. त्याच्या आदल्या वर्षीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील राजपुत्राचा विवाहविधि रेडिओवर देण्यास तेथील धर्माधिकाऱ्यांनीं नकार दिला होता. लोक तो दारूच्या गुत्त्यांत, डोक्यावरची टोपीही न काढतां ऐकतील, अशी त्यांस भीति वाटली असें सांगतात. आज आम्हांस ती भीति गमतीची वाटते. गुत्त्यांत बसलेल्याच्या कानीं प्रार्थना पडली तर त्यांत प्रभूचा काय अपमान झाला? तो स्वतः कोणाच्या पंक्तीस बसत असे, हें शुभवर्तमान वाचणारास ठाऊक आहे.

तर वचन यंत्रावरून जाऊं शकतें, यांत आम्हांस शंका नाहीं. कफर्णहूमांतील शताधिपतीनें तर प्रभूस घरीं येण्याची तसदीही घेऊं नये असें विनविलें होतें. नुसत्या शब्दानें चाकर बरा होईल, ही त्याची खात्री होती, आणि प्रभूनें त्या विश्वासाचें आश्चर्य केलें. पौल तुरुंगांतून पत्रें लिही. कलस्सैकरांस लिहिलेलें पत्र लावदिकीयाच्या मंडळींत वाचावें व तिकडचें इकडे आणून वाचावें, अशी त्याची आज्ञा होती. आज आम्ही ध्वनिमुद्रण पुढें पाठवितों तें याहून निराळें नाहीं. परंतु तोच पौल थेस्सलनीकाकरांस कळवितो कीं, तुमचें तोंड पाहावें म्हणून आम्ही रात्रंदिवस प्रार्थना करतों. आणि योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचकांनीं अवश्य काढून पाहावा. सांगावयाचें पुष्कळ आहे, पण तें कागद व शाई यांनीं सांगावें असें त्या वृद्ध वडिलाच्या मनांत नाहीं. समोरासमोर भेटून बोलावें, म्हणजे आनंद पूर्ण होईल, अशी त्याची आशा आहे. कागद व शाई हें त्याच्या काळचें यंत्र होय. त्यानें तें टाकून दिलें नाहीं, कारण हें देखील त्यानें कागदावरच लिहिलें. पण त्यावर त्याचें समाधानही झालें नाहीं.

आतां प्रभुभोजनाचा प्रश्न. मोठमोठ्या मंडळ्यांतही यावर एकमत नाहीं. इंटरनेटवर संस्कार होऊं शकत नाहींत, असें रोमन मंडळीनें २००२ सालींच लिहून ठेवलें आहे. अमेरिकेंतील मेथडिस्ट बिशपांनीं २०१३ सालीं असा प्रघात तूर्त थांबवावा असें ठरविलें, आणि २०२० सालच्या महामारींत त्यांतल्याच कित्येकांनीं आपापल्या प्रांतांत मोकळीक दिली. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीनेंही त्या वर्षीं, संकटाचा काळ आहे तोंवर, परवानगीच दिली. म्हणजे विद्वान लोक आमच्याइतकेच घोटाळ्यांत होते. सेमिनरींत आम्हांस जें शिकविलें होतें त्यांत भाकर, द्राक्षरस, वचन, आणि एकत्र जमलेली मंडळी हीं चार अंगें होतीं. तिसरें यंत्रावरून जातें, पहिलीं दोन जेथल्या तेथें मिळतात, आणि सगळी ओढाताण चौथ्यापाशीं येते. एकत्र जमणें म्हणजे काय? एका क्षणीं एकच शब्द ऐकणें, कीं एका छपराखालीं बसणें?

या वादांत आम्हीं २०२० सालीं एक बाजू घेतली होती, आणि ती कबूल केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. त्या वर्षीं मार्चच्या अखेरीस देश बंद झाला. पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला आला तेव्हां मंदिराच्या दारास कुलूप होतें. लाखावर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारांत अडकून पडले होते, त्यांत आमचेही होते. आम्हीं मोबाइलवरून उपदेश केला. पण भोजन दिलें नाहीं. मंडळी एकत्र जमेल तेव्हांच, असें आम्हीं ठणकावून सांगितलें. महाराष्ट्रांतील मंदिरें त्या वर्षीं दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरास, उघडलीं. त्यापूर्वींच आमच्या मंडळीचे एक वृद्ध वडील प्रभूकडे गेले. त्यांनीं दोनदां निरोप पाठविला होता. त्यांच्या पत्नीनें आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं, उलट आमच्या अडचणी तीच आम्हांस समजावून सांगे. तरी पण भाकर मोडतांना कधीं कधीं तिच्याकडे पाहणें आम्हांस कठीण जातें. तेव्हां आमचा नियम खरा होता, असें आम्ही आजही मानतों. पण त्या माणसाशीं आम्ही खरे वागलों कीं काय, याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं.

म्हणून यंदा हा फोन आल्यावर आम्हीं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हां उघडला. भोजनाविषयींचीं तीं वचनें आम्हांस तोंडपाठ आहेत. पण त्यांच्या मागचीं व पुढचीं आम्ही भराभर वाचून टाकतों. पौल रागावला आहे तो कशासाठीं? करिंथ येथें सुस्थितींतील लोक लवकर येऊन जेवून घेत, आणि कष्टकरी उशीरा पोहोंचत तों त्यांस कांहीं उरत नसे. एक उपाशी व एक तृप्त, असें तें मेज झालें होतें. यावर पौलाचा उपाय अगदीं साधा आहे: एकमेकांची वाट पाहा. भाकर कोणत्या पिठाची, पेय कोणतें, अंतर किती, यांविषयीं तेथें वाद नाहीं. वाट पाहिली नाहीं, हा अपराध आहे.

हें वाचून आम्ही चपापलों. तोंवर आमचा प्रश्न असा होता कीं, कोपींतील लोकांनीं मंदिराबाहेर प्रभुभोजन घेतलें तर तें खरें होईल काय? पौलाचा प्रश्न उलटाच निघाला: तुम्ही मंदिरांत बसून, अर्धी मंडळी फडांत उपाशी असतां, महिन्याच्या पहिल्या रविवारीं भोजन उरकून घेतां, तें तरी खरें काय? आजवर हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं, कारण ते लोक दिसत नव्हते. मोबाइलनें ते दिसूं लागले, आणि ते आतां मागूं लागले. एवढ्यापुरता त्या यंत्राचा उपकार मानलाच पाहिजे.

नाताळानंतरच्या आठवड्यांत आम्ही एस. टी. नें निघालों व दोन गाड्या बदलून कोल्हापूर बाजूच्या एका तळावर पोहोंचलों. कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, मध्यें चिखलाची वाट, एका बाजूला बैल. अंधार पडल्यावर लोक आले. फोनवर गेले दोन महिने 'सगळे बरे आहेत' असेंच आम्ही ऐकत होतों, आणि ते खोटें बोलत होते असें नाहीं. फोनवर माणूस तेंच बोलतो. तेथें पाहतों तों एका मुलाच्या पायाला कोयता लागून जखम झालेली, ती फडक्यानें बांधलेली, आणि फडकें काळें पडलेलें. तें पोर व्हिडिओंत रोज आम्हांस हात हालवून सलाम करीत असे. त्याचा चेहराच तेवढा दिसे. पाय चौकटीच्या खालीं राहत.

दुसरी गोष्ट सांगणें आम्हांस अवघड आहे, पण ती सांगितली नाहीं तर हा लेख लबाडीचा होईल. त्या तळावरची एक भगिनी वर्षापासून आमच्या व्हॉट्सॲपच्या गटांत कांहीं बोलत नव्हती. आम्हीं तिला कारण विचारलें. ती बराच वेळ चुलींतलें लाकूड सारीत बसली. मग म्हणाली, "साहेब, माझं दुखणं देवाला सांगायचं होतं, मुकादमाला नव्हं." आदल्या वर्षीं तिची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां तिच्यासाठीं प्रार्थना करावी म्हणून आम्हींच, तिचें नांव व दुखणें लिहून, गटावर निरोप टाकला होता. गटांत सव्वाशे माणसें. कोणीतरी तो पुढें पाठविला. मुकादमापर्यंत गेला, व ही बाई आतां पूर्वीसारखें ओझें उचलणार नाहीं असा हिशेब करून त्यानें त्या जोडप्याची उचल कमी केली. ऊसतोड स्त्रियांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळापर्यंत गेला होता, हें आम्ही वर्तमानपत्रांत वाचलें होतें, त्यावर एकदां उपदेशही केला होता. आणि आपल्याच मंडळींतील स्त्रीचें गुपित आम्हीं भल्या हेतूनें चव्हाट्यावर मांडलें.

पूर्वीं ही विनंती आम्हीं मंदिरांत केली असती तर? तर आम्ही समोरच्या माणसांकडे पाहिलें असतें. मुकादमाचा भाचा मागें बसला आहे हें दिसलें असतें, जीभ आवरली असती, 'एका बहिणीसाठीं' एवढेंच म्हटलें असतें. गटावर लिहितांना माणसें दिसत नाहींत, नांवेंही वाचलीं जात नाहींत. पाठविणारास वाटतें आपण देवाशीं बोलत आहों. यंत्र खोटें नाहीं. पण समोर कोण बसलें आहे हें तें विसरावयास लावतें. याचा भयंकर मासला आमच्या महाराष्ट्रानेंच पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा मोबाइलवरून पसरलेल्या अफवेमुळें, नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार केलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें आपल्या देशांत निरोप पुढें पाठविण्यावर पांच ठिकाणांची मर्यादा घातली. ते निरोप पाठविणाऱ्यांपैकीं पुष्कळांस आपण लेंकरांचें रक्षण करीत आहों असेंच वाटत असेल. खोटी साक्ष देऊं नको, ही आज्ञा आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. तीच मुलें, आणि त्यांचे पाळकही, न वाचतां निरोप पुढें ढकलतात. आमच्या गटांत सकाळीं आठाच्या आंत चार शास्त्रवचनें, दोन फुलें, आणि एक तरी खोटी बातमी येते. सुवार्तेचा प्रसार करण्याचा हाच मार्ग, असें जे म्हणतात त्यांनीं आधीं हें पाहावें कीं, त्याच हातानें येणाऱ्या शुभवर्तमानावर शेजाऱ्यानें विश्वास कां ठेवावा.

त्या भगिनीची आम्हीं क्षमा मागितली. तिनें ती लगेच केली नाहीं, आणि तें आम्हांस योग्यच वाटलें. रात्रीं साडेनऊच्या सुमारास भोजन झालें. द्राक्षरसाची बाटली आम्हीं पिशवींतून नेली होती. भाकर तिकडचीच, बाजरीची, तव्यावरून उतरलेली. ती मोडतांना गरम होती. चौदा जणांनीं भाग घेतला. ती भगिनी शेवटीं आली व पेला घेऊन पुन्हां चुलीपाशीं जाऊन बसली. तिच्याशीं बोलल्यावांचून भोजन दिलें असतें तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांत परत येतांना गाडीभर चालला होता. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर आधीं जाऊन समेट करावा, ही प्रभूची आज्ञा मोबाइलवर पाळणें अशक्य आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण आमच्या ठायीं तरी ती आठवणच मोबाइलवर झाली नसती.

परत आल्यावर वडिलांची सभा भरली. सर्वांचें मत एक झालें नाहीं. एका वडिलांनीं विचारलें, तोडणीचे तळ तीन जिल्ह्यांत पसरले असतां पाळकानें दर महिन्यास किती एस. टी. बदलाव्या? आणि ज्या तळावर जातां येणार नाहीं तेथील लोकांनीं काय करावें? त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. २०२० सालच्या त्या वडिलांचें नांवही निघालें, व कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं जें ठरलें तें एवढेंच: उपासना पूर्ववत् मोबाइलवरून पाठवावी. नांवानिशीं प्रार्थनेच्या विनंत्या गटावर लिहूं नयेत. त्या पाळकाच्या किंवा वडिलांच्या कानीं घालाव्या. ज्यांच्यापाशीं मोबाइल नाहीं अशा तीन म्हाताऱ्या भगिनींच्या घरीं रविवारीं दुपारीं कोणीतरी जाऊन बसावें, कारण सर्व कांहीं गटावर आलें आहे असें समजून दोन वर्षांत त्यांना कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें. पाडव्यापर्यंत मंदिरांतील भोजन दर महिन्यास न ठेवतां, जेव्हां जेव्हां पाळक तळावर जाऊं शकेल त्याच आठवड्यांत ठेवावें, आणि तोंवर इकडच्यांनींही वाट पाहावी. आणि मरणोन्मुख माणसानें मोबाइलवरून भोजन मागितलें, व पोहोंचण्यास मार्ग नसला, तर? यावर मतें सारखीं पडलीं. आमचें मत आम्हीं दिलें नाहीं. द्यावयास पाहिजे होतें, असें आतां वाटतें; दिलें असतें तर तें 'द्यावें' असें दिलें असतें.

त्या बंधूस आम्हीं दुसऱ्या रात्रीं फोन केला. ठरलेलें सांगितलें. त्यानें विचारलें, "म्हणजे गुळाचं पाणी नको?" आम्हीं म्हटलें, ठेवा, आम्ही येऊं तेव्हां पिऊं. पुढची फेरी बेळगांव बाजूच्या तळावर आहे. भाड्याची वर्गणी जमली आहे, आणि एका भगिनीनें त्या जखमी पायाच्या मुलासाठीं आपल्या नातवाचे बूट धुऊन दिले आहेत. ते त्याला थोडे मोठे होतील.